कागदावरचे वाघ

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेत तारेची जाडी मोजताना तुम्ही एकच वाचन घेऊन थांबत नाही. पाच-सहा वाचने घेता, सरासरी काढता आणि त्रुटी किती असू शकेल तेही लिहिता. मग जंगलातले वाघ मोजताना हा नियम का सोडायचा?

पुष्कळ वर्षे तो सोडला गेला होता. आपल्या देशात व्याघ्रप्रकल्प १९७३ साली सुरू झाला. त्या काळी वाघ मोजत ते पावलांच्या ठशांवरून. वनरक्षक ठशावर काच ठेवून आकृती रेखाटून घेत, प्लॅस्टरचा साचा काढीत, आणि जाणकार मंडळी ‘हा नर, ही मादी, हा दुसराच’ असे ठरवीत. पण एकाच वाघाचा ठसा भुसभुशीत वाळूत वेगळा उमटतो आणि ओल्या चिखलात वेगळा. वनरक्षकांच्या कष्टांत खोट नव्हती (उन्हातान्हात रान तुडवणे म्हणजे काही खेळ नव्हे!), खोट पद्धतीत होती. तिच्यातून आकडा मिळे, पण त्यात चूक किती हे कळण्यास मार्ग नसे. राजस्थानातील सरिस्का येथे २००४ साली १६ ते १८ वाघांची नोंद झाली. २००५ साली कसून शोध घेतला, तेव्हा एकही वाघ सापडला नाही. चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपवले होते. कागदावर मात्र वाघ जिवंत होते.

वाघाचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात; दोन वाघांचे कधी जुळत नाहीत. याचा उपयोग करून उल्लास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात स्वयंचलित कॅमेऱ्यांनी वाघ मोजण्याची पद्धत रुजवली. तिच्यातले गणित मोठे गमतीचे आहे. समजा, पहिल्या फेरीत २० निरनिराळे वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीत १५ आले, त्यांपैकी १० ओळखीचे. म्हणजे दर तिघांत दोघे ओळखीचे. तेव्हा पहिले २० हे एकूण वाघांच्या दोन-तृतीयांश असावेत, आणि एकूण वाघ सुमारे ३०. कॅमेऱ्यापुढे कधीच न आलेले वाघही हिशेबात आले! प्रत्यक्षातील गणित याहून बरेच किचकट असते, पण गाभा हाच.

२०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे जमली. त्यांत वाघांची अवघी ७६,६५१. एवढा ढीग माणसांनी एकेक करून कधी निवडावा? ते काम संगणकाने हलके केले.

२०२२ च्या गणनेचा अंदाज ३,१६७ ते ३,९२५ असा आहे, सरासरी ३,६८२. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मात्र एकच आकडा झळकतो. माझ्या मते तो एकटा छापणे म्हणजे त्रुटी न लिहिता प्रयोगवही देण्यासारखे आहे. शिवाय २००६ च्या १,४११ शी त्याची तुलना करून टाळ्या वाजवणारे हे विसरतात, की त्या आकड्यात सुंदरबनातले वाघ धरलेच नव्हते.

एवढी माहिती सरकारी कपाटांत राहू नये. बाहेरच्या शास्त्रज्ञांना ती तपासता आली पाहिजे. फक्त कोणता वाघ नेमका कोठे टिपला गेला, तेवढे गुप्त ठेवावे. नकाशा शिकाऱ्यांनाही वाचता येतो.