तिथे करायला काय आहे?

ह्या विकांताला खरं म्हणजे बाल्कनीतलं सामान आवरायचं ठरलं होतं. पण शुक्रवारी रात्री मित्रांच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि डोकं फिरलं. सामान तसंच पडलंय आणि मी लिहायला बसलोय. बायको "चालू दे तुझं" म्हणून बाहेर पडली आहे, म्हणजे निदान दोन तास निश्चिंती.

तर झालं असं. टोक्योच्या ऑफिसात नवीन आलेल्या एका मुलाने ग्रुपवर विचारलं की होक्काइदोला जातोय, शिकोत्सु सरोवर कसं आहे? त्यावर आमच्या एका जुन्या मित्राने तत्परतेने निकाल दिला. "पाणी स्वच्छ आहे. पण करायला काहीच नाही. एक तास पुरे. पाचपैकी दोन." खाली सात अंगठे.

ह्या मित्राला मी इथे एक्सेलशीट म्हणणार आहे. माणूस लाखात एक, रात्री दोन वाजता फोन केला तरी येईल. पण सहलीला निघाला की त्याच्या हातात शीट असते. ठिकाण, पोचायची वेळ, निघायची वेळ, अ‍ॅक्टिव्हिटी, माणशी खर्च, आणि शेवटचा कॉलम 'झालं?'. आम्ही चौघं एका सप्टेंबरात होक्काइदोला गेलो होतो तेव्हा शिकोत्सुच्या वाट्याला ११:१० ते १२:१० आले होते. नंतर तोया सरोवर, मग नोबोरिबेत्सुची वाफाळलेली दरी, रात्री साप्पोरोत मुक्काम. आम्ही हंसाच्या आकाराची पायडल मारायची होडी घेतली, लाल पुलावर फोटो काढले, आइस्क्रीम खाल्लं. बारा वाजता "चला" म्हणणारा पहिला माणूस मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे काही बोलणार आहे ते कुठल्या उंचीवरून बोलतोय असा गैरसमज नको :)

'करायला काही नाही' हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलंय की त्याचा अर्थ काय होतो हे आपण बघतच नाही. तळं आहे ना? मग स्पीडबोट कुठाय? बनाना राइड कुठाय? घोडा? भाजलेलं कणीस? आपण पाण्याजवळ जातो ते पाण्याकडून काहीतरी करून घ्यायला. पाण्याने आपल्याला ओढावं, उडवावं, ओरडायला लावावं. नुसतं पाणी असलं की आपल्याला फसवल्यासारखं वाटतं.

आता हे पाणी आहे तरी काय ते बघा. चाळीस हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इथे एक प्रचंड उद्रेक झाला. पोटातलं सगळं बाहेर फेकल्यावर वरचं छप्पर खाली कोसळलं आणि मोठी कढई तयार झाली. त्या कढईत पावसाचं आणि बर्फाचं पाणी साठत गेलं. चितोसेच्या विमानतळावर उतरून तुम्ही गाडीने निघता ना, तो सगळा प्रदेश त्या उद्रेकाच्या राखेच्या आणि दगडाच्या थरांवर आहे. साप्पोरो आणि ओतारूच्या जुन्या दगडी इमारतींमध्ये जो मऊ राखाडी दगड दिसतो तोसुद्धा तिथलाच. म्हणजे एक्सेलशीटने साप्पोरोत ज्या जुन्या गोदामाचा फोटो 'झालं' केला, तोही बहुतेक ह्याच तळ्याचा तुकडा. असो.

कढईच्या काठावर नंतर डोंगर उगवले. एनिवा, फुप्पुशी आणि तारुमाए. तारुमाए अजून जिवंत आहे, त्याच्या माथ्यावरचा लाव्ह्याचा काळा घुमट १९०९ सालचा आहे. तळ्याची खोली सुमारे ३६० मीटर, जपानात दुसरा नंबर. इतकं पाणी की उन्हाळ्यातली ऊब थंडीभर पुरवून खातं. आजूबाजूला सगळं गोठलेलं असताना हे सहसा गोठत नाही. कडे सरळ पाण्यात उतरलेले, त्यामुळे आत येणारे मोठे प्रवाह कमी, काठावर शेती जवळजवळ नाही, वस्ती मूठभर. खत नाही, सांडपाणी नाही, म्हणून पाण्यात शेवाळ वाढायला खाद्यच नाही. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या पाहणीत हे तळं देशातल्या सगळ्यात स्वच्छ तळ्यांमध्ये वर्षानुवर्षं पहिलं आलंय.

म्हणजे बघा, स्वच्छ पाणी आणि 'करायला काही नाही' ह्या दोन वेगळ्या नोंदी नाहीयेत. एक्सेलशीटने एकाच गोष्टीला एका ओळीत शाबासकी दिली आणि पुढच्या ओळीत तिचेच मार्क कापले. हवी ती मोटरबोट घेऊन ह्या तळ्यात उतरता येत नाही. काठाने हॉटेलांच्या उंच रांगा नाहीत. ही सगळी 'नाही' कोणीतरी ठरवून ठेवली आहेत, १९४९ पासून हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

मी दुसऱ्यांदा गेलो तो एकटा, जूनमध्ये, दोन रात्री. कारण काही उदात्त वगैरे नव्हतं. एक रिलीज फसलं होतं, तीन आठवडे रात्री जागून काढले होते आणि मला माणसांचा कंटाळा आला होता. पहिल्या दिवशी काचेच्या खिडक्या असलेल्या बोटीत बसलो. अर्धा तास. खाली खडकाचे षटकोनी खांब एकाला एक चिकटून उभे, मध्येच माशांचा थवा. थंड होताना दगड आक्रसतो आणि त्याला असे कोन पडतात हे शाळेत वाचलं होतं. पाण्याखाली उभं जंगल असल्यासारखं ते पाहताना मला काय आठवलं असेल? अंधेरीची गिल्बर्ट हिल. तसेच खांब, सहासष्ट दशलक्ष वर्षं जुने, साठेक मीटर उंच. चहूबाजूंनी खोदून खोदून एक सुळका उरला आणि त्याला आता इमारतींनी आणि झोपड्यांनी वेढलंय. मुंबईत वाढलो, त्या बाजूला कितीदा गेलो, मान वर करून बघितलं नाही.

संध्याकाळी भाजलेला 'चिप' खाल्ला. हा साल्मनच्या जातीचा लहान मासा, हिमेमासु. तो मूळचा इथला नव्हे, १८९४ साली आकान सरोवरातून आणून सोडलेला. पकडायचा तोही फक्त उन्हाळ्यात, ठराविक महिन्यांत. गुलाबी मांस, वर नुसतं मीठ. आमच्या कोकणी घरात ह्याला निदान हळद-तिखट तरी लावलं असतं, पण ते एक असो.

आणि मग ओन्सेन. मी जपानात येऊन चार वर्षं झाली होती आणि एकदाही गरम पाण्याच्या कुंडात उतरलो नव्हतो. कारण सांगायला काय लाजायचं, सगळ्यांसमोर कपडे काढायचे म्हणून! उत्तर काठावर एनिवाच्या पायथ्याशी मारुकोमा नावाची जुनी सराय आहे, १९१५ पासूनची. रस्ता होण्याआधी तिथे होडीनेच जावं लागे. तिथलं एक कुंड अगदी तळ्याला लागून आहे, मध्ये फक्त दगडांचा बांध. गरम पाणी खालच्या वाळू-गोट्यांमधून वर येतं. तळ्याची पातळी वाढली की कुंडाची वाढते, उतरली की उतरते. म्हणजे कुंड किती खोल असेल हे मालक सांगू शकत नाही, ते तळं ठरवतं.

पहाटे पाच वाजता गेलो. आधी बुटक्या स्टुलावर बसून खसाखसा अंघोळ करायची, साबणाचा थेंब अंगावर ठेवायचा नाही, मग कुंडात. छोटा टॉवेल डोक्यावर. आत एक आजोबा होते, त्यांनी मान हलवली, मी हलवली. बास. पायाखालून गरम बुडबुडे, समोर हातभर अंतरावर थंडगार तळं. फोन लॉकरमध्ये. फोटो नाही. किती वेळ बसलो ते माहीत नाही, आणि 'माहीत नाही' हे मी खूप वर्षांनी म्हणतोय.

तिथे बसल्यावर आजी आठवली. गुडघ्यांसाठी ती वज्रेश्वरीला जायची, मला बरोबर घेऊन. कुंडाच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायची. तासभर. मी भुणभुण करायचो, "आजी, आता काय करायचं?" ती म्हणायची, "बसायचं." तिला कोणी विचारलं नाही की वज्रेश्वरीला अ‍ॅक्टिव्हिटीज काय काय आहेत. म्हणजे नुसतं बसणं ही काही आपण जपान्यांकडून शिकायची गोष्ट नाही. आपल्याकडे ती होतीच. दोन पिढ्यांत आपण ती कुठे सांडून आलो?

शनिवारी एक्सेलशीटचा फोन आला, म्हणजे मीच केला. तो म्हणाला, "हे श्रीमंत देशाचे चोचले आहेत. नुसतं पाणी बघायला लोक येतील, पण गावातल्या माणसाने खायचं काय?" मुद्दा चुकीचा नाही. पण मग ती बोट कोणाची आहे? कयाक शिकवणारे, चिप पकडणारे, सराय चालवणारे हे कोण आहेत? हिवाळ्यात तळ्याचंच पाणी फवारून बर्फाचे मनोरे उभे करतात आणि ते बघायला रात्री गर्दी होते. धंदा आहेच की. फक्त तो पाण्याला विचारून केलेला आहे.

आणि जपानी लोक निसर्गाचे भक्त, आपण नतद्रष्ट, असं काही मला म्हणायचं नाही. असल्या कौतुकाचा मला कंटाळा आहे. ज्या लाल पुलावर आम्ही फोटो काढले तो मुळात रेल्वेचा पूल, १८९९ चा. एका कागद कंपनीने तो दुसरीकडून आणून आपल्या छोट्या आगगाडीसाठी इथे बसवला. तळ्यातून निघणाऱ्या चितोसे नदीवर तिने वीजही केली. म्हणजे इथून घेतलं गेलंच. पण आत काही ओतलं नाही.

ओतलं की काय होतं ते बघायचं असेल तर अकिता प्रांतातलं ताझावा. तेही गोल, तेही निळं, ४२३ मीटर खोल, जपानात पहिला नंबर. पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मोजायचं, ही पारदर्शकता मोजायची साधी पद्धत. १९३१ साली ताझावात ती तीस मीटरच्याही खाली दिसत होती. त्या भागात तामागावा नावाचा गरम झरा आहे. त्याचं पाणी इतकं आम्ल की सामू १.२ च्या आसपास. नदीचं ते आम्ल पाणी शेतीला चालेना. मग १९४० साली डोकं लढवलं: नदी तळ्यात वळवायची, आम्ल पातळ होईल, शेतीला पाणी मिळेल, वीजही होईल. एका दगडात तीन पक्षी. तळ्यातले जवळजवळ सगळे मासे मेले. त्यात कुनिमासु नावाचा एक मासा होता, तो जगात फक्त ह्याच तळ्यात होता. सत्तर वर्षं तो नामशेष धरला गेला. २०१० साली फुजीजवळच्या साईको तळ्यात सापडला, कारण १९३५ च्या सुमारास कोणीतरी त्याची अंडी तिकडे पाठवून ठेवली होती. आपण म्हणतो ना, बॅकअप कोणी घेतला होता का? घेतला होता. चुकून :) ताझावात आता चुनखडीने आम्ल मारायचं काम अनेक वर्षं चालू आहे, पण कुनिमासु अजून घरी परत आलेला नाही.

आता खरी गंमत. ताझावाचे फोटो बघा. निळंशार पाणी, काठावर सोनेरी पुतळा, सुंदर. मी गेलोय, मीही काढलेत. मेलेलं तळं फोटोत अजिबात कळत नाही. शीटमध्येही कळत नाही. ११:१० ते १२:१० मध्ये तर कळणं शक्यच नाही. म्हणून मला त्या 'पाचपैकी दोन'चा राग आला. हे मार्क कोणीतरी वाचतं. आज नवीन मुलगा वाचतोय, उद्या हॉटेलवाला वाचेल, परवा नगरपालिका. सगळ्यांनी मिळून 'करायला काही नाही' म्हटलं की एक दिवस कोणीतरी करायला काहीतरी आणून ठेवतं.

शिकोत्सु हा शब्द मूळ आइनू लोकांच्या भाषेतला. सि-कोत, मोठी घळ. जपानी कानाला तो 'मेलेली हाडं' असा ऐकू यायचा म्हणून १८०५ साली इथल्या गावाचं आणि नदीचं नाव अशुभ ठरवून बदललं आणि चितोसे, म्हणजे हजार वर्षं, असं ठेवलं. तळ्याचं नाव मात्र तसंच राहिलं. एक्सेलशीटला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, "हे आधी माहीत असतं तर अर्धा तास वाढवला असता." सुधारणा आहे!

नवीन मुलाला मी ग्रुपबाहेर वेगळा मेसेज केला. दोन रात्री राहा. सकाळची कयाक घे, वारा नसतो. ओन्सेनला लाजू नकोस, चार वर्षं वाया जातात. तारुमाए चढणार असलास तर अस्वलासाठी घंटा घे.

आत्ताच त्याचं उत्तर आलंय. "थँक्स दादा. पण दोन दिवस तिथे करू काय?"