विश्लेषण : जुना रॅपर नव्या काळात चालतो का?

'मेरे गली में' २०१५ मध्ये यूट्यूबवर आले, तेव्हा डिव्हाइन पंचविशीच्या उंबरठ्यावर होता. आज तो पस्तिशीत आहे. 'गली बॉय' फेब्रुवारी २०१९ मध्ये झळकला, तेव्हा तो पाहून वहीच्या मागच्या पानावर यमके जुळवणारी शाळकरी पोरे आता नोकरीच्या रांगेत उभी आहेत. आपल्याकडच्या हिप-हॉपची पहिली पिढी प्रथमच प्रौढ होते आहे. तरुणांचे म्हणून ओळखले जाणारे हे संगीत वय वाढलेल्या कलाकाराला सोबत ठेवते की बाजूला सारते?

हा प्रश्न आताच का?

अमेरिकेत हिप-हॉपने २०२३ मध्ये पन्नाशी गाठली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क याने बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या, तो दिवस या संगीताचा जन्मदिवस मानला जातो. भारतात १९९२ मध्ये बाबा सेहगलच्या 'ठंडा ठंडा पानी'ने रॅप घराघरांत पोहोचवला. पण तो गमतीचा प्रकार मानला गेला. वस्तीतल्या मुलाने वस्तीच्या भाषेत स्वतःचे जगणे मांडायचे, ही धारा रुजली ती २०१४-१५ च्या सुमारास. कुर्ल्याच्या नेझीने 'आफत' हे गाणे २०१४ मध्ये आयपॅडवर तयार केले. म्हणजे या धारेचे आपल्याकडचे वय जेमतेम दहा-बारा वर्षे. 'जुने' म्हणावेत असे कलाकार आताच कुठे तयार होत आहेत आणि पुढे काय करायचे, याचे नमुने त्यांच्यासमोर फारसे नाहीत.

हिप-हॉपमध्येच वय आड का येते?

शास्त्रीय संगीतात सत्तरीचा गायक 'बुजुर्ग' ठरतो. भजनी मंडळात केस पिकलेल्या बुवांचाच शब्द चालतो. रॅपमध्ये मात्र चाळिशीच्या कलाकाराला 'अजून हेच करतोस?' असे विचारले जाते. याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण भाषेचे. रॅप हा बोलीवर उभा असतो आणि तरुणांची बोली दोन-तीन वर्षांत कूस बदलते. कालचा टाळीचा शब्द आज शिळा होतो. दुसरे कारण आवाजाचे. ठोक्यांची घडण बदलत जाते. ट्रॅप आला, ड्रिल आला. जुन्या चालीवर बसलेली जीभ नव्या ठोक्यावर अडखळते. तिसरे कारण सर्वांत अवघड. रॅपचे भांडवल म्हणजे 'मी जे भोगले ते सांगतो' हा दावा. नाव झाले, घर झाले, गाडी आली की जुनी भूक गाण्यात आणायची कुठून? ती नुसती उसनी आणली, तर श्रोत्याला लगेच कळते.

'आउटकास्ट' या जोडीतल्या आंद्रे थ्री थाउजंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रदीर्घ काळानंतर अल्बम काढला. त्यात रॅप नव्हता, बासरीसारखी फुंकवाद्ये होती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रॅपमधून सांगण्यासारखे आपल्याकडे काही उरलेले नाही, अशा आशयाचे तो मुलाखतीत बोलला. हा कबुलीजवाब प्रामाणिक होता. पण तो सगळ्यांना लागू पडत नाही.

मग टिकले ते कसे?

जे-झीने २०१७ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी '४:४४' काढला. विषय होते संसारात आपल्याकडून झालेला विश्वासघात, आई आणि कमावलेला पैसा राखायचा कसा. विशीतल्या पोराला हे लिहिताच आले नसते. नासचा पहिला अल्बम १९९४ चा. पहिला ग्रॅमी त्याला मिळाला तो २०२१ मध्ये. त्यानंतरही तो थांबला नाही. स्वतःहून सुमारे चौदा वर्षांनी लहान असलेल्या हिट-बॉय या निर्मात्यासोबत त्याने सुमारे तीन वर्षांत सहा अल्बम केले. 'क्लिप्स' ही भावांची जोडी २००९ नंतर थेट जुलै २०२५ मध्ये अल्बम घेऊन परतली. त्यातले पहिलेच गाणे आई-वडिलांच्या निधनावर आहे.

तिन्ही उदाहरणांत एक धागा समान आहे. यांनी तरुण असल्याचे सोंग घेतले नाही. वय लपवले नाही, ते विषय म्हणून वापरले. नासने तर एक पाऊल पुढे टाकले. ठोका नव्या पिढीचा घेतला, सांगणे स्वतःचे ठेवले.

गाणे टिकले म्हणजे कलाकार टिकला का?

इथे गल्लत होते. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. ऑनलाइन संगीत ऐकण्याच्या सवयीमुळे जुनी गाणी आज कधी नव्हे इतकी ऐकली जातात. अमेरिकेत तर दीड वर्षाहून जुन्या संगीताचा वाटा नव्या संगीतापेक्षा बराच मोठा आहे. रीलवर दहा वर्षांपूर्वीचा तुकडा अचानक चालतो आणि लाखो जण त्यावर नाचतात. पण त्यातल्या किती जणांना तो गायला कोणी, हे ठाऊक असते? त्या कलाकाराचे नवे गाणे किती जण शोधून ऐकतात?

यातला पैशाचा भागही समजून घ्यायला हवा. गाण्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क कंपनीकडे असतील, तर जुने गाणे पुन्हा गाजले तरी कमाईचा मोठा हिस्सा कंपनीकडेच जातो. विशीत घाईघाईने केलेली सही चाळिशीत महागात पडते. म्हणूनच डिव्हाइनने २०१९ मध्ये 'गली गँग' ही स्वतःची कंपनी उभी केली, हे त्याच्या एखाद्या हिट गाण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. उतारवयात टिकण्याची तयारी तरुणपणीच्या कागदपत्रांपासून सुरू होते.

टीव्हीवरची प्रसिद्धी हा तिसराच प्रकार. पुण्याचा एमसी स्टॅन फेब्रुवारी २०२३ मध्ये 'बिग बॉस'चा विजेता ठरला. नेझी २०२४ मध्ये 'बिग बॉस ओटीटी'त उपविजेता झाला. यातून चेहरा घरोघरी पोहोचतो, पण ओळखीचा चेहरा आणि ऐकावासा आवाज यांत अंतर आहे. ते अंतर शेवटी गाण्यानेच भरून काढावे लागते.

महाराष्ट्राकडे याचे उत्तर आधीपासूनच आहे का?

बरेचसे आहे. रॅप आपल्याकडे बाहेरून आला असला, तरी चौकात उभे राहून, ताल धरून, लोकांच्या भाषेत सत्तेला आणि समाजाला जाब विचारणारा कलाकार महाराष्ट्राला नवा नाही. त्याला आपण शाहीर म्हणतो. आणि शाहिराला वयाची अडचण झालेली दिसत नाही.

वामनदादा कर्डक यांचा जन्म १९२२ चा, निधन २००४ चे. आयुष्यभर गावोगाव फिरून त्यांनी हजारो गाणी लिहिली आणि गायली. काळ बदलला, माध्यमे बदलली, पण त्यांची गाणी पुढच्या पिढीतल्या गायकांनी उचलली. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात दीक्षाभूमीच्या मंचावर असतानाच गेले. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. 'जांभूळ आख्यान' त्यांनी उतारवयातही त्याच ताकदीने उभे केले. शाहीर साबळे यांनी तर वाटच बदलत नेली. पोवाडे, मग मुक्तनाट्य, मग 'महाराष्ट्राची लोकधारा'. त्यांच्या आवाजातले 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ मध्ये राज्यगीत झाले, त्याच वर्षी त्यांच्यावर चित्रपटही आला.

यामागे एक व्यवस्था होती. शाहिराच्या मागे झीलकरी उभे असत. सूर धरायचा, धृपद उचलायचे, दौऱ्यात सोबत राहायचे आणि शिकायचे. त्यातलाच एखादा पुढे स्वतः डफ हाती घेई. शाहीर म्हातारा होई, तेव्हा त्याच्या मागे माणसे तयार असत. हिप-हॉपमध्ये 'क्रू' असतो, पण बहुतेक वेळा तो समवयस्क मित्रांचा. त्यात मागच्या पिढीसाठी आणि पुढच्या पिढीसाठी जागा कमीच.

धानोऱ्याहून हे कसे दिसते?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यासारख्या गावात हिप-हॉप कॅसेटने आले नाही, रेडिओनेही नाही. ते मोबाइलवर आले, आणि तेही सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला तेव्हा. त्यामुळे इथल्या मुलासाठी २०१५ चे गाणे आणि कालचे गाणे एकाच पडद्यावर, एकाखाली एक येते. 'जुने युग', 'नवे युग' ही वाटणी मुंबईतल्या जाणकारांची. इथे प्रश्न साधा आहे. हा माणूस जे सांगतो, ते माझ्या कामाचे आहे का?

जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. इथे भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी बोलली जाते. काठीच्या होळीतला ढोल, सारंगखेड्याच्या यात्रेतला तमाशा, खानदेशातले वहीगायन असा तालाचा मोठा वारसा इथे आहे. यूट्यूबवर अहिराणी गाण्यांनी स्वतःचा बाजार उभा केला आहे, मुंबईच्या परवानगीशिवाय. अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरने, म्हणजे स्वतःचे नाव शंभरचा आकडा वापरून लिहिणाऱ्या रॅपरने, 'एमटीव्ही हसल'च्या मंचावर विदर्भाची बोली नेली. उद्या एखादा भिली किंवा पावरी बोलणारा मुलगा तिथे पोहोचू शकतो. त्याचा हात धरायला कोणी असेल का, एवढाच प्रश्न.

त्या दृष्टीने 'स्वदेशी' या मुंबईच्या गटाचे 'वारली रिव्होल्ट' हे गाणे लक्षात ठेवावे. आरेच्या जंगलासाठी लढणारे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर त्यात गायले. तरुण रॅपर आणि त्यांच्याहून वडीलधारा लोकगायक एकाच गाण्यात उभे राहिले. त्यात कोण जुना, कोण नवा, हा प्रश्नच उरला नाही.

जुन्यांनी आता बाजूला व्हावे, हा आक्षेप बरोबर आहे का?

अर्धा बरोबर आहे. जाहिराती, परीक्षकांच्या खुर्च्या आणि महोत्सवातली शेवटची वेळ त्याच पाच-सहा नावांना मिळत राहिली, तर नव्यांची वाट अडते. मुलींची तर अधिकच. मिसी एलियटसारखी कलाकार 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये पोहोचायला २०२३ उजाडले. हिप-हॉपमधून तिथे गेलेली ती पहिली स्त्री. आपल्याकडे दीपा उन्नीकृष्णन म्हणजे डी एमसीसारखी नावे आजही बोटांवर मोजावी लागतात. जुन्यांना दुसरी खेळी मिळावी, असे म्हणताना ज्यांना पहिलीच नीट मिळाली नाही, त्यांना विसरता येणार नाही.

पण उपाय जुन्यांना घालवण्यात नाही. त्यांनी खुर्ची सोडावी, माइक सोडू नये.

मग निष्कर्ष काय?

जुना रॅपर चालतो, पण तीन अटींवर. आपल्या वयाचे बोलावे. विशीतल्या रागाची नक्कल करण्यापेक्षा पस्तिशीतली हप्त्याची चिंता, बापाचे आजारपण, सुटलेली मैत्री यांवर लिहावे. हे विषय ऐकायला मोठा श्रोतावर्ग वाट पाहतो आहे, कारण त्याचेही वय वाढले आहे. दुसरे, आपल्या गाण्याचे हक्क सांभाळावेत. तिसरे, मागे झीलकरी उभे करावेत आणि ते आपल्याच गल्लीतले नसावेत.

या अटी ज्याला जमणार नाहीत, त्याचे गाणे कदाचित रीलवर वाजत राहील. पण माणूस विस्मरणात जाईल. आपण श्रोत्यांनीही एक करावे. आवडत्या जुन्या कलाकाराकडे 'तेच गाणे पुन्हा म्हण' असा हट्ट धरण्याऐवजी त्याचे नवे गाणे एकदा पूर्ण ऐकावे. तो आजही आपल्या कामाचे काही सांगतो का, हे त्यातूनच कळेल.