पॅनलआधी भिंत

हिवाळ्यात घर उबदार ठेवायला सोलर पुरेल का, असा प्रश्न घेऊन ग्राहक आपल्याकडे येतो. कुणाला लेहजवळ होमस्टे बांधायचा असतो, कुणाला मनालीत घर. आणि आपण बहुतेक वेळा गच्चीचे क्षेत्रफळ मोजून किती किलोवॉट बसतील ते सांगायला लागतो. इथेच पहिली गफलत होते.

एक किलोवॉटची पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट वीज देतात. दीड किलोवॉटचा खोलीतला हीटर ती पावणेतीन तासांच्या आत संपवतो, आणि उबेची खरी गरज तर सूर्य मावळल्यावर सुरू होते. हीट पंप लावला तर सौम्य थंडीत एका युनिट विजेवर तीन युनिट उष्णता मिळू शकते, पण पारा उणे वीसकडे सरकला की तो आकडा घसरतो. गळक्या घरात अशी महागडी ऊब ओतत राहणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, मग ती आपल्याकडून नकळत का होईना.

लेहमध्ये उन्हाची वाण नाही. साडेतीन हजार मीटर उंची, कोरडी हवा, वर्षातले बहुतेक दिवस निरभ्र. डिसेंबरच्या अखेरीस तिथे दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या उभ्या काचेतून किरण खोलीत खोलवर शिरतात. जूनमध्ये तोच सूर्य ७९ अंशांवर चढतो आणि लहानसा छज्जाही काचेवर सावली धरतो. निसर्गाने इतकी सोय करून ठेवलेली असताना तिथे सिमेंटच्या उघड्या चौकटी आणि सहा इंची भिंती उभ्या राहाव्यात आणि मग खोलीखोलीत बुखारी पेटावी, याचे वाईट वाटते.

फे गावाजवळचा सेकमॉल संस्थेचा परिसर पाहावा. ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या जाड भिंती, दक्षिणेला काच, आणि हिवाळ्यापुरते दर्शनी बाजूला ओढलेले प्लास्टिकचे हरितगृह. बाहेर उणे पंधरा असतानाही इंधन न जाळता तिथल्या खोल्या शून्याच्या बऱ्याच वर राहतात. फ्रान्समधल्या ओदेयो इथे फेलिक्स त्राँब आणि वास्तुविशारद जाक मिशेल यांनी १९६७ साली काचेमागे गडद रंगाची जाड भिंत उभारली, तीही याच तत्त्वावर. दिवसभर भिंतीने घेतलेली ऊब जाडीतून हळूहळू सरकत संध्याकाळनंतर आत पोहोचते. जाडी किती ठेवायची हे म्हणूनच ऊब किती वाजता हवी यावर ठरते.

महाराष्ट्रात आपण ऊन टाळायला शिकलो. खोल छज्जे, समोरासमोर खिडक्या, खेळती हवा. विदर्भात आणि कोकणात ही विद्या मोलाची आहे, पण लेहच्या नकाशावर ती जशीच्या तशी उतरवली की घर गारठते. हाताशी असलेली ॲल्युमिनियमची सरकती खिडकी तर विशेष घातक, कारण तिच्या फटींतून रात्रभर वारा येतो. आत-बाहेर ३० अंशांचा फरक असेल तर एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून रात्रीच्या पंधरा तासांत सुमारे अडीच युनिट उष्णता निघून जाते. दुहेरी काच लावली तर हे नुकसान जवळपास निम्म्यावर येते, आणि जाड पडदा किंवा फळ्यांची झडप लावली तर आणखी कमी होते. या दोन ओळी ड्रॉइंगवर नसतील तर मोठी दक्षिण काच ही शोभाच.

सगळीकडे मात्र होकार देता येणार नाही. श्रीनगरचा जानेवारी ढगाळ असतो. मनालीत समोरचा डोंगर दुपारीच ऊन अडवू शकतो. तिथे सूर्य हा जोडीदार, मुख्य आधार दुसरा, हे ग्राहकाला पहिल्याच बैठकीत सांगावे.

उन्हाळ्यातली ऊब हिवाळ्यासाठी साठवताही येते. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात ओकोटोक्स इथे ५२ घरांच्या वसाहतीने २००७पासून ते करून दाखवले. गॅरेजांच्या छपरांवर संग्राहक आणि जमिनीत सुमारे ३५ मीटर खोल १४४ बोअर. काही वर्षांत तिथल्या घरांची नव्वद टक्क्यांहून अधिक गरज उन्हावर भागली, २०१५-१६च्या मोसमात तर पूर्ण शंभर टक्के. पुढे यंत्रणा जुनी झाली, सुटे भाग मिळेनात, आणि २०२४मध्ये ती मोडीत काढायला सुरुवात झाली. शास्त्र खरे ठरले, देखभाल मात्र झेपली नाही. एकट्या बंगल्यासाठी असला घाट आम्ही सुचवणार नाही. मातीच्या भिंतीला सुटे भाग लागत नाहीत.

थंड प्रदेशात काम केलेल्या वाचकांना एक विनंती आहे. बांधून झालेल्या घरात येत्या जानेवारीत दोन तापमापक ठेवा, एक आत आणि एक उत्तरेच्या सावलीत. पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या नोंदी, भिंतीची जाडी आणि काचेचे क्षेत्रफळ आमच्याकडे पाठवा. आत पाणी गोठले असेल तर तेही लिहा. मार्चच्या अंकात सगळ्या नोंदी छापू.