शांतिसैनिकांचा शिधा आणि थकलेली वर्गणी

परदेशी धाडलेल्या पायदळाच्या कंपनीविषयी आपली कल्पना अद्याप रणांगणाचीच आहे. प्रत्यक्षात तिचे बहुतेक दिवस जातात ते पहारा, गस्त आणि पाणी, डिझेल, शिधा यांच्या हिशेबात. पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये कैलाहून येथे मे 2000 मध्ये बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांच्या सेवेतील दोन भारतीय कंपन्यांना वेढले. शिधा आटत होता, पावसाळा लागला होता. तरीही सुमारे अडीच महिने जवानांनी शस्त्रे खाली ठेवली नाहीत. जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ने वेढा फुटला. शांतिसेनेला शत्रू नेमून दिलेला नसतो. म्हणूनच तिच्या संयमाची कसोटी अधिक कठोर.

या सेवेला दरही आहे. 2018 साली आमसभेने तो दरडोई दरमहा 1,428 डॉलर ठरविला. ही रक्कम मिळते जवानाच्या सरकारला, आणि सदस्य राष्ट्रांच्या वर्गण्या थकल्या की तीही रखडते. श्रीमंत राष्ट्रे वर्गणी देतात (सवडीने!), माणसे मात्र बहुतांशी दक्षिण आशिया व आफ्रिका पुरवितात. म्हणजे गरिबांनी श्रीमंतांना दिलेले हे बिनव्याजी कर्जच होय. मोहिमेचा आदेश ठरताना सैन्य देणाऱ्या देशांचे मत बंधनकारक मानावे आणि थकबाकीवर व्याज आकारावे, ही मागणी भारताने आग्रहाने मांडली पाहिजे.