नवागतेचा आत्मविश्वास

गोल्फ नव्याने शिकू लागलेल्या स्त्रीला पहिला उपदेश होतो तो आत्मविश्वास बाळगण्याचा. उपदेशकांचा हेतू चांगलाच असतो. पण आत्मविश्वास ही काही घरून बांधून आणावयाची शिदोरी नव्हे. पहिल्या टीवर तिचे हात कापतात ते चेंडू लहान आहे म्हणून नव्हे, मागे खोळंबलेल्यांचे डोळे पाठीला जाणवतात म्हणून. आणि या डोळ्यांचा इतिहास जुना आहे.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे १८६७ मध्ये स्त्रियांचा स्वतंत्र क्लब निघाला, तो केवळ 'पटिंग'चा. चेंडू हलक्या हाताने खळग्यात ढकलावा, एवढीच त्याची मर्यादा. खांद्यावर काठी उचलून पूर्ण फटका मारणे स्त्रीच्या वेषाला शोभत नाही, असे लॉर्ड वेलवुड यांनी १८९० मध्ये बॅडमिंटन ग्रंथमालेतील गोल्फवरील पुस्तकात लिहिले. तिच्या शक्तीविषयी आपल्याला शंका नाही, अशी पुस्तीही साळसूदपणे जोडली. म्हणजे अडचण शक्तीची नव्हती, पाहणाऱ्याच्या नजरेची होती! तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, 'लेडीज गोल्फ युनियन' स्थापन झाली आणि लेडी मार्गारेट स्कॉट या तरुणीने स्त्रियांची पहिली ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. पुढील दोन्ही वर्षी विजेतेपद तिच्याकडेच राहिले.

त्या संघटनेच्या चिटणीस इसेट पिअर्सन यांचे कार्य मात्र कोणत्याही करंडकाहून मोलाचे आहे. खेळाडूच्या कुवतीनुसार फटक्यांची सूट द्यावयाची, याला हँडिकॅप म्हणतात. पूर्वी ही सूट ज्या त्या क्लबाच्या मर्जीवर असे. ती देशभर एकाच मापाने ठरविण्याची पद्धत स्त्रियांनी पुरुषांच्या आधी उभी केली. नवख्या खेळाडूला धीर येतो तो अशा व्यवस्थेतून. आपण किती कच्चे आहोत हे एका आकड्यात कळले, आणि तो आकडा महिन्यागणिक उतरताना दिसला, की भीती आपोआप ओसरू लागते. २०२० मध्ये सुरू झालेल्या जागतिक पद्धतीत कमाल हँडिकॅप स्त्री-पुरुष दोघांनाही ५४ आहे. ढोबळमानाने दर खळग्याला तीन फटके. हे कृपागुण नव्हेत काय, असे कोणी विचारील. अठरा फटक्यांची सूट घेणाऱ्या निवृत्त सेनाधिकाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारीत नाही, एवढे उत्तर पुरे.

नियमही सौम्य झाले आहेत. २०१९ पासून प्रत्येक खळग्यासाठी फटक्यांची कमाल मर्यादा ठरवून स्पर्धा घेता येते. ती गाठली की चेंडू उचलावा आणि पुढे चालू लागावे. नवागतेला हे कोणी सांगतच नाही, आणि ती बिचारी मागच्यांची क्षमा मागत झुडपांत चेंडू शोधीत राहते.

क्लबांची दारे मात्र सावकाश उघडली. सेंट अँड्र्यूजच्या 'रॉयल अँड एन्शंट'ने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव केला तो २०१४ मध्ये. म्युअरफील्डच्या क्लबात २०१६ मध्ये असाच ठराव दोनतृतीयांश मतांअभावी पडला, आणि प्रतिष्ठेची 'ओपन' स्पर्धा हातची जाऊ लागताच २०१७ मध्ये संमत झाला. हे हृदयपरिवर्तन कशाने घडले, हे सांगावयास नको.

केवळ स्त्रियांसाठी भरणारे वर्ग हा आरंभीचा आधार म्हणून इष्टच आहेत. पण तेथून वाट रविवार सकाळच्या मुख्य खेळाकडे जात नसेल, तर तो १८६७ चाच हिरवळीचा तुकडा ठरेल. त्या तुकड्यावरची विद्या मात्र हलकी नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक लांब फटक्यात अनेकींच्या मागे होती. तिला तारले पटरने, आणि अवघ्या एका फटक्याने तिचे पदक हुकले.

क्लबांच्या कार्यकारी मंडळांना एक सूचना करावीशी वाटते. पुढच्या टीला 'लेडीज टी' म्हणण्याची सवय सोडावी आणि तेथे फक्त अंतराचा आकडा लिहावा. गुडघे कुरकुरणारे अनेक ज्येष्ठ पुरुषही मग संकोच न बाळगता तेथून फटका मारतील.