रणांगणाआधीची तर्कपरीक्षा

दहावी-बारावीचे निकाल लागले की मराठी मध्यमवर्गीय घरांत पुढच्या वाटांची चर्चा सुरू होते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, संगणक, सनदी लेखापाल अशी यादी निघते. सैन्याधिकारी हा शब्द त्या यादीत असलाच तर अगदी शेवटी. शिवजयंतीला ध्वज उंचावणाऱ्या घरांतही आपल्या मुलाने लेफ्टनंट व्हावे, हा विचार सहसा डोकावत नाही. डोकावलाच, तर तयारी म्हणजे पहाटेचे धावणे, दंडबैठका आणि सामान्यज्ञानाचे एखादे गाईड, एवढीच कल्पना असते. शरीर कसले जाते, मन अभिमानाने भरते, आणि उमेदवार अडखळतो तो मात्र एका अनपेक्षित ठिकाणी: तर्कचाचणीत.

अधिकारीपदाची ही तळमळ महाराष्ट्राला नवी नाही. धर्मवीर डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे १९३१ च्या भारतीय सैनिकी महाविद्यालय समितीचे सदस्य होते. पुढच्याच वर्षी डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली. तिच्या पहिल्या तुकडीत सॅम माणेकशा होते, आणि ते खुल्या स्पर्धापरीक्षेतून निवडले गेले होते. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभे केले. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली. सैन्यदलांत मराठी अधिकाऱ्यांचे प्रमाण वाढावे, याच हेतूने राज्य शासनाने १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था स्थापन केली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी तर खडकवासल्याला, पुण्याच्या वेशीवर उभी आहे. संस्थांची वाण नाही. वाण आहे ती परीक्षेला खऱ्या अर्थाने सिद्ध असलेल्या उमेदवारांची.

परीक्षा काय मोजते?

वायुदलाची ‘एएफकॅट’ ही प्रवेशपरीक्षा २०११ पासून घेतली जाते. दोन तासांत १०० प्रश्न सोडवायचे असतात. सामान्यज्ञान, इंग्रजी आणि अंकगणित यांच्या जोडीला तर्कशक्ती व सैनिकी कल यांचा स्वतंत्र विभाग असतो. प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेत असा वेगळा विभाग नाही. तेथे गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमतेचे ६०० गुण असतात. त्यामुळे पुष्कळ उमेदवार तर्काकडे पाठ फिरवतात. लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन ते निवड मंडळापुढे जातात, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती बुद्धिमत्ता चाचणीची पुस्तिका येते. त्या चाचणीत आणि चित्रावरून कथा रचून चर्चा करण्याच्या कसोटीत जे मागे पडतात, त्यांना त्याच दिवशी परतीची गाडी धरावी लागते. अधिकाऱ्याच्या अंगी असावेत असे जे १५ गुण निवड मंडळ तपासते, त्यांत तर्कक्षमतेला स्वतंत्र स्थान आहे.

हे प्रश्न असतात तरी कसे? २, ६, १२, २०, ३० या मालिकेत पुढची संख्या कोणती? पाठांतर करणारा आठवू पाहतो. विचार करणारा फरक मांडतो. ४, ६, ८, १० असा फरक वाढतो आहे, म्हणून उत्तर ४२. सूर्योदयाच्या वेळी एका मनुष्याची सावली त्याच्या उजव्या हाताला पडते, तर त्याचे तोंड कोणत्या दिशेला? सूर्य पूर्वेला, म्हणून सावली पश्चिमेला. उजवा हात पश्चिमेला असेल तर तोंड दक्षिणेकडे. संघस्थानावर वाढलेल्या बालाला तर असा प्रश्न खेळासारखा वाटला पाहिजे. उत्तरेकडे तोंड करून उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने दक्षिणवृत, मग अर्धवृत आणि शेवटी वामवृत केले, तर तो कोठे पाहत असेल? दक्षिणेकडे. आज्ञा ऐकून पाय वळतात. तेच वळण कागदावर मनाने घेता आले, की दिशांचे निम्मे प्रश्न सुटतात.

नात्यांच्या प्रश्नांत तर मराठी मुलाच्या हाती जन्मजात साधन आहे. इंग्रजीत ‘अंकल’ या एका शब्दात काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान सगळे मावतात. ‘कझिन’ या शब्दात चुलत, मामे, आते, मावस अशी सारी भावंडे. मराठीने प्रत्येक नात्याला वेगळे नाव दिले आहे. एक स्त्री छायाचित्राकडे बोट दाखवून म्हणते, ‘याची आई माझ्या आईची एकुलती एक मुलगी आहे.’ तो तिचा कोण? आईची एकुलती एक मुलगी म्हणजे ती स्वतः, म्हणून तो तिचा मुलगा. एएफकॅटची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, ही अडचण खरीच. पण प्रश्नातील ‘अंकल’ची मनातल्या मनात मराठी नात्यांत फोड करणारा विद्यार्थी केवळ इंग्रजीत घोकणाऱ्यापेक्षा मागे राहण्याचे कारण नाही. वंशवृक्ष काढण्याची सवय मात्र हवी.

अंदाज आणि विवेक

१२० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे प्रत्येकाला ७२ सेकंद. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि चुकीला एक गुण कापला जातो. चार पर्यायांपैकी एखादा डोळे मिटून निवडणाऱ्याने हा हिशेब नीट समजून घ्यावा. अशा चार प्रश्नांत सरासरीने एक बरोबर येईल, तीन चुकतील; तीन गुण मिळतील, तीनच जातील. हाती शून्य. मात्र विचारपूर्वक दोन पर्याय बाद करून उरलेल्या दोहोंतून निवड केली, तर अशा दोन प्रश्नांत सरासरीने एक बरोबर येऊन तीन मिळतात, एक जातो, दोन हाती राहतात. धाडस तेच; पण आंधळ्या धाडसाला परीक्षक काही देत नाही, विवेकी धाडसाला देतो. रणभूमीचाही नियम याहून वेगळा नाही.

१७२८ च्या पालखेड मोहिमेत निजामाची फौज पुण्यात शिरली होती. निजामाचा कयास सरळ होता: पुणे धोक्यात आले की बाजीराव धावत परत येईल. बाजीरावांनी नेमके तेच केले नाही. त्यांनी निजामाच्याच मुलखात मुसंडी मारली. निजामाला अवजड तोफखाना मागे ठेवून पाठलाग करणे भाग पडले, आणि पालखेडजवळ त्याची फौज पाण्यावाचून कोंडली गेली. मुंगी-शेवगावचा तह त्यातून झाला. शत्रूने कोणते गृहीत धरले आहे, ते गृहीतच काढून घेतले तर त्याचा निष्कर्ष कसा कोसळेल, याचा हा विचार होता. बाजीरावांच्या घोडदौडीचे पोवाडे आपण गातो. घोडदौडीआधी झालेल्या या विचाराचे स्मरण मात्र क्वचितच करतो.

वारसा आणि सवय

तर्कशास्त्र पश्चिमेकडून आले, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. गौतमांच्या न्यायदर्शनाने अनुमानाचे पाच अवयव सांगितले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. खऱ्या हेतूसारखा भासणारा पण फसवा असणारा हेतू म्हणजे हेत्वाभास, आणि त्याचेही प्रकार आपल्या आचार्यांनी वेगळे करून दाखवले. ‘सर्व सैनिक शूर आहेत, काही शूर माणसे कवी आहेत, म्हणून काही सैनिक कवी आहेत’ असे विधान प्रश्नपत्रिकेत येते, तेव्हा हीच दृष्टी कामी येते. शूर कवी सैनिकांपैकीच असतील, असे कोणी सांगितले? म्हणून निष्कर्ष निघत नाही.

परंतु वारशाचा अभिमान म्हणजे वारशाचा अभ्यास नव्हे. ज्या परंपरेत शिष्य प्रश्न विचारतो आणि गुरू उत्तर देतो, त्या परंपरेचे वारस म्हणवणाऱ्या घरांत मुलाने ‘का?’ विचारले की ‘सांगितले तेवढे कर’ हे उत्तर मिळते. गणित सुटले नाही की पालक लगेच रीत सांगतात, शिकवणीचे सर सूत्र सांगतात, गाईड उत्तर सांगते. मुलाने स्वतः अडखळायचे कधी? बारा वर्षे अशी काढल्यावर परीक्षेच्या आधी दोन महिने ‘रीझनिंग’चा वर्ग लावून तर्कबुद्धी येईल, ही अपेक्षाच तर्कदुष्ट आहे. वर्गात युक्त्या मिळतात. प्रश्नाचे रूप बदलले की त्या निकामी होतात.

निवड मंडळाच्या मैदानावर तर युक्त्यांचा पाडावच लागत नाही. फळी, बल्ली आणि दोर एवढ्याच साधनांनी गटाला एक अडथळा ओलांडायचा असतो. कोठे पाय टेकायचा नाही, याचे नियम ठरलेले असतात. तेथे घोकलेले उत्तर नसते. लांबी किती, भार कोठे, आधी कोण आणि शेवटी कोण, हे उभ्याउभ्या ठरवून इतरांना पटवावे लागते.

करावयाचे काय?

सहा महिन्यांचा काळ शिस्तीने वापरला तर पुष्कळ साधते. पहिले दोन महिने घड्याळ बाजूला ठेवून एकेक प्रकार मुळापासून समजून घ्यावा: मालिका, सांकेतिक भाषा, दिशा, नाती, विधान-निष्कर्ष, आकृत्यांची फिरवाफिरव. पुढचे दोन महिने हेच प्रश्न वेळ लावून सोडवावेत. शेवटच्या दोन महिन्यांत पूर्ण प्रश्नपत्रिका, तीही एका बैठकीत. चुकांची वही ठेवावी आणि चूक कोणत्या पायरीवर झाली, हे त्यात लिहावे. बरोबर उत्तर उतरवून घेण्यापेक्षा हे महत्त्वाचे. इंग्रजी वृत्तपत्राचे नित्य वाचन चुकवू नये.

पण त्याहून मोठे काम घरांचे आणि कार्यकर्त्यांचे आहे. बुद्धिबळाचा पट, कोडी, नकाशा पाहून वाट शोधणे, रविवारी एखादा गड चढताना ‘शत्रू आला तर कोणत्या बाजूने येईल?’ असा प्रश्न, यांना पैसा लागत नाही. प्रत्येक नगरात निवृत्त सैन्याधिकारी असतात. महिन्यातून एकदा त्यांना तरुणांसमोर आणणे अवघड नाही. आणि हे आता मुलांपुरते राहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर प्रबोधिनीची परीक्षा मुलींना खुली झाली. २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यातील १७ मुली खडकवासल्याच्या संचलन मैदानावरून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

सेनाधिकारी चुकला तर त्याची किंमत एक गुण नसते. ती त्याच्यामागून येणाऱ्या जवानांना चुकवावी लागते. म्हणूनच निवड मंडळ तर्काची इतकी कसून परीक्षा घेते. राष्ट्रासाठी प्राण द्यायला सिद्ध असलेले तरुण या भूमीला कधी कमी पडले नाहीत. त्या प्राणांचे मोल जाणून विचार करणारे अधिकारी घडवायचे असतील, तर त्याची सुरुवात आज संध्याकाळी, मुलाच्या पहिल्या ‘का?’ला दिलेल्या उत्तरापासून व्हायला हवी.