खटला थांबलेल्या मनोरुग्ण बंदींबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, रत्नागिरी

विषय: तीव्र मानसिक आजार असलेल्या बंदींचा आढावा, उपचार व सुटका

महोदय,

आम्ही या जिल्ह्यातील मनोरुग्णांचे नातेवाईक आहोत. आरोपीला स्वतःचा बचाव करता येत नसेल तर खटला पुढे चालवता येत नाही, हा नियम योग्यच आहे. पण खटला थांबला तरी कोठडी संपत नाही. मनोरुग्णालयाचा अहवाल आलेला नसतो म्हणून पुढची तारीख पडते, आणि तक्रार करण्याइतके भान आत असलेल्या माणसाला नसते. गुन्ह्यात ज्यांचे नुकसान झाले, तेही निकालाची वाट पाहत राहतात.

उदाहरणार्थ, आसामच्या माचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली. तेजपूरच्या मनोरुग्णालयाने १९६७ मध्ये त्यांना बरे ठरवले, तेव्हा त्यांची रवानगी घरी न होता गुवाहाटीच्या तुरुंगात झाली. ते २००५ मध्ये सुटले. खटला चाललाच नव्हता.

रत्नागिरीत कारागृह आणि १८८६ पासूनचे मनोरुग्णालय एकाच शहरात आहेत. इथे अहवालासाठी कोणी महिनोन्‌महिने ताटकळू नये.

आमची पहिली मागणी यादीची. न्यायालये, कारागृह आणि मनोरुग्णालय यांच्याकडून अशा प्रत्येक बंदीची माहिती घ्यावी, त्याला मोफत वकील द्यावा आणि दर तीन महिन्यांनी आढावा घ्यावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०३ नुसार कारागृहात मनोरुग्ण बंदी नसल्याचे प्रमाणपत्र तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवायचे असते. त्याची प्रत आपणही मागवावी.

दुसरी मागणी सुटकेची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६९ नुसार, रुग्णालयात ठेवण्याची गरज नसलेल्या आरोपीला गुन्हा अजामीनपात्र असला तरी सोडता येते. नियमित उपचारांची हमी मात्र कोणीतरी घ्यावी लागते. आमच्या गावांत मुलगे मुंबईला आणि घरी म्हातारे आईवडील, अशी स्थिती. ही हमी त्यांना पेलत नाही. कायद्यात नातेवाइकाबरोबर मित्राचाही उल्लेख आहे. तेव्हा शेजारी किंवा शिक्षक पुढे आला तर त्याची हमी मान्य व्हावी यासाठी आपल्या वकिलांनी आग्रह धरावा. कोणीच नसेल तर निवासी सुविधा मागावी.

तिसरी मागणी पोलिसांबाबत. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलीस कोठडीत ठेवण्यास मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० ची मनाई आहे. याची लेखी आठवण सर्व पोलीस ठाण्यांना द्यावी.

यादीचे काम कधी सुरू होईल ते लेखी कळवावे आणि पहिल्या आढाव्याला नातेवाइकांना बोलवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
मनोरुग्णांचे नातेवाईक, रत्नागिरी जिल्हा

प्रत: मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी